दोन दावणी, एक जू

ओळखा बघू, ह्या गोष्टीत शेवटी कोण जिंकलं. वेळेवर खाणारा, का भूक लागंल तवाच खाणारा? लावा पैज. आत्ताच बोला, मागनं "मी हेच म्हणणार हुतो" असलं चालायचं न्हाई. ती कोपऱ्यातली आजी हसायली, तिला वाटतंय तिला ठावं हाय. आजी, दात नसले तरी पैज लावता येती. लावा.

लई लई मागची गोष्ट. डोंगरांना अजून नावं बी पडली नव्हती, तवाची.

एका गावात दोघं भाऊ हुते. एक थोरला, एक धाकटा. दोघांत मिळून एक वावर, एक विहीर आन् एक बैलजोडी. तांबूस हुता तो खैऱ्या, ठिपक्याठिपक्यांचा तो बांड्या. वासरं असल्यापासनं एका जुवाखाली वाढलेले. एकानं पाय उचलला की दुसऱ्याचा उचललाच.

बाप हुता तवर सगळं सोपं हुतं. काम सुटलं की बाप दोन्ही बैलांपुढं एकदमच वैरण टाकायचा. त्यांचा रवंथ होईस्तवर जवळ बसून तंबाखू चोळायचा. ह्याला काय म्हणतात, हे त्याला ठावं नव्हतं. त्याला बैल ठावं हुते, तेवढं पुरं हुतं.

बाप गेला आन् पोरांना अक्कल फुटली.

थोरल्याचं म्हणणं, माणसानं वेळेवर खावं. ऊन उंबऱ्याला लागलं की भाकरी. भूक असो नसो, ताप असो, दारात पाव्हणा असो. बायको म्हणायची, "अवो, आत्ताच तर तुम्ही घुगऱ्या खाल्ल्या!" हा म्हणायचा, "त्या वेगळ्या. वाढ. ऊन बघ कुठं आलंय."

धाकट्याचं म्हणणं, भूक लागंल तवाच खावं. मग ती कवा बी लागो. बायकोनं चूल इझवून अंग टाकलं की ह्याच्या पोटात उंदीर पळायचे. "ऊठ. लागली."

"आत्ता? मघाशी इचारलं तवा का न्हाई लागली?"

"मघाशी न्हवती."

दोन्ही बाया विहिरीवर भेटल्या की नुसत्या एकमेकींकडं बघायच्या आन् कपाळाला हात लावायच्या.

आता सांगा, हे भांडण आपापल्या ताटापुरतं ठेवलं असतं तर कोणाच्या बापाचं काय जात हुतं? पर न्हाई. ज्याला आपलं खरं करायचं असतं, त्याला आपलं एक पोट पुरत न्हाई.

एक दिस बांधावर दोघं जुंपले. बैल न्हवं, भाऊ.

थोरला म्हणाला, "तुझ्यासारखं खाणारा आळशी हुतो. तुझ्या रीतीनं बैल ठेवला तर महिन्यात बसकण मारंल."

धाकटा म्हणाला, "आन् तुझ्या रीतीनं ठेवला तर फुगून फुटंल, दादा! पोट म्हंजे काय देवळातली घंटा हाय, वाजवली की वाजली?"

"लावतो का मग? बांड्या माझा, खैऱ्या तुझा. बघू कोणाचा बैल तगतो."

"लावली!"

बैलांना कोणी इचारलं? इचारा की त्या भाड... जाऊ द्या, पोरं बसल्यात.

त्याच सांजेला गोठ्यात मधोमध तुराट्यांचा कूड घातला. अलीकडं बांड्या, पलीकडं खैऱ्या. दावणी दोन झाल्या. पर वावर एकच, विहीर एकच, आन् जू बी एकच. सकाळी दोघं एकत्र जुंपले जायचे, सांजेला वेगवेगळे बांधले जायचे.

थोरला ऊन बघून वैरणीची पाटी ठेवायचा आन् ऊन बघून उचलायचा. काम लांबलं, बैल दमून उशिरा आला, तर पाटी उचललेली. "वेळ टळली." आन् कामाला जुंपायच्या ऐन आधी वेळ आली तर घास कोंबायचा. "खा! वेळ झाली!" बिचाऱ्या बांड्याला रवंथाला बसायला सवड न्हाई. भरल्या पोटानं तसाच ओढायचा, कूस ढोलासारखी तट्ट.

धाकटा पलीकडं हाताची घडी घालून उभा. "बैलाची भूक बैलाला कळती. हंबरला की घालीन."

पहिल्या दिवशी खैऱ्या हंबरला. चांगला मोठ्यानं.

त्याबरोबर कुडाच्या अलीकडनं थोरला वरडला, "ऐका गावकऱ्यांनो, ऐका! ह्याचा बैल उपाशी मरतोय! रडतोय बघा!"

चार माणसं हसली. धाकट्याचं तोंड लाल झालं. त्यानं वैरण टाकली, न्हाई असं न्हाई. पर आधी चाबकाचे दोन फटके खैऱ्याच्या पाठीवर दिले. "माझी लाज काढतोस व्हय रं?"

बैल मुका असतो, येडा नसतो. त्या दिवसापासनं खैऱ्या हंबरला न्हाई.

आन् धाकटा समद्या गावात सांगत फिरला, "बघा, माझा बैल कसा शहाणा! भूकच न्हाई म्हणतोय. मी काय जबरदस्ती करू?" कवा आठवण झाली तर पेंढी फेकायचा, न्हाईतर न्हाई. माझ्या हातात असता तर त्याच्याच टाळक्यात पेंढी हाणली असती. वाळलेली न्हाई, ओली. जड असती.

एका सांजेला बांड्यानं कुडाला तोंड लावलं. "खैऱ्या, खाल्लंस का रं?"

"न्हाई."

"मग हंबर की!"

"हंबरलो तर तुझा धनी हसतो. तो हसला की माझा धनी मारतो. त्यापरीस भूक बरी. ती मारती, पर हळू मारती."

बांड्यानं फुसकारा सोडला. "आन् माझ्या पोटात जागा न्हाई तर हा अजून कोंबतोय. थांब." त्यानं शिंगानं कुडाला भोक पाडलं आन् तोंडातला कडबा त्यातनं सरकवला. पलीकडनं खैऱ्यानं ओढून घेतला. दोघांची पोटं त्या सांजेला जरा ठिकाणावर आली.

तुम्हाला वाटंल, सुटली गोष्ट. अवो, बैलांची अक्कल धन्यांना सोसंल तर ना!

थोरल्यानं भोक बघितलं. "माझी वैरण खाऊन त्याचा बैल तगवतोय व्हय! ही लबाडी!" धाकट्यानं बी बघितलं. "दादा, तुझा बैल खात न्हाई म्हनून माझ्याकडं ढकलतोयस! हरलास का न्हाई?" जन्मात पहिल्यांदा दोघं एका कामाला लागले. अलीकडनं ह्यानं चिखल लावला, पलीकडनं त्यानं बोरीच्या काटेरी बोराट्या लावल्या. भोक बुजलं.

तवा त्यांची आत्या आली, बापाची थोरली बहीण. तोंडानं फटकळ, ही अशी काठीसारखी वाळकी म्हातारी. दारात पाय ठेवायच्या आधी ती गोठ्यात गेली. खैऱ्याच्या कुशीवर हात ठेवला, हात आत गेला. बांड्याच्या कुशीवर ठेवला, हात उडून वर आला.

बाहेर येऊन ती म्हणाली, "मुडद्यांनो, हे काय चाललंय?"

"आत्या, वेळेचं महत्त्व..." थोरला सुरू झाला.

"आत्या, खरी भूक म्हंजे..." धाकटा सुरू झाला.

"थोबाडं बंद! तुमच्या बापानं कवा सांगितलं का असलं? दोन ढोरं एका जुवात चालत्यात. एक भरलेलं आन् एक रितं असलं तर जू सरळ राहील व्हय? लहान पोराला बी कळंल. कूड पाडा आधी!"

थोरला म्हणाला, "त्यानं हार मानू दे, पाडतो."

धाकटा म्हणाला, "त्यानं मानू दे, मी पाडतो."

आत्यानं काठी उचलली, पर तिच्या काठीत आता जोर कुठला. दोघं पळाले आन् कूड राहिला.

उन्हाळा वर आला. वावरातली मिरची माना टाकायला लागली. तवा मोटंनं पाणी काढायचं. ठावं हाय ना मोट? चामड्याची ही एवढी मोठी पिशवी, विहिरीत सोडायची. तिच्या दोराला नाडा म्हणायचं, तो जुवाला बांधायचा. बैल उताराला खाली चालत गेले की भरलेली मोट वर येती. समदं वजन बैलांच्या मानंवर. एकाचा पाय चुकला की मोट दोघांना मागं ओढती, आन् मागं विहीर.

त्या दिवशी जुंपायच्या वक्ताला ऊन उंबऱ्याला लागलेलं. थोरल्यानं बांड्याला पाटीभर पेंड चारली आन् लगेच जुंपला. खैऱ्यानं कालपासनं कायबी मागितलं नव्हतं, म्हनून त्याला कायबी दिलं नव्हतं. थोरला मोट हाकायला, धाकटा मिरचीत पाणी वळवायला. आत्या बांधावर बसलेली.

दोन-चार मोटा बऱ्या निघाल्या. मग भरली मोट निम्म्यात आली, आन् खैऱ्याचे पुढचे गुडघे मोडले. बसला खालीच. बांड्यानं ओढायला बघितलं, पर त्याचा श्वास पोटातच अडकलेला. मोट खाली निघाली. जू मागं निघालं. दोन्ही बैल खुरं रुतवत मागं मागं फरपटायला लागले.

थोरल्याच्या कंबरंला कोयता हुता. धाकटा विळा घेऊन वावरातनं धावला.

आत्या उभी राहून बोंबलली, "नाडा तोडा! मुडद्यांनो, नाडा!"

एक घाव. नाड्यावर एकच घाव घातला असता तर मोट एकटी गेली असती खाली. दोन्ही बैल वाचले असते. नाडा थोरल्याच्या हाताशी हुता, डोळ्यांपुढं हुता.

पर बांड्या ज्याचा, त्यानं बांड्याच्या मानेखालचा पट्टा तोडला. आन् खैऱ्या ज्याचा, तो खैऱ्याचा पट्टा तोडायला धावला. थोरला आधी पोचला. बांड्या सुटला. मग जेवढं वजन दोघांच्या मानंवर हुतं, तेवढं एकट्या उपाशी खैऱ्यावर आलं. धाकट्याचा विळा पट्ट्याला लागायच्या आत खैऱ्या जुवासकट विहिरीत गेला.

जाताना मात्र तो हंबरला.

आन् ह्या दोघांनी काय करावं? विहिरीच्या काठावर गचांडी धरली!

"तू तुझा बांड्या तेवढा सोडवलास!"

"तू उपाशी ठेवलास त्याला!"

"वेळेवर चारला असता तर..."

"भरल्या पोटाचा तुझा बैल ओढत नव्हता म्हनून..."

खाली पाण्यावर अजून बुडबुडे येत हुते, आन् वर हे पैजेचा निकाल लावत हुते. सांगताना आत्ता बी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाती.

बांड्या काठावर येऊन उभा राहिला. गोठ्यात आणून बांधला, थोरल्यानं वेळेवर पाटी ठेवली, पर त्यानं तोंड लावलं न्हाई. धाकटा म्हणाला, "भूक नसंल, लागंल तवा खाईल." ती लागलीच न्हाई. शेवटी आत्या आली. तिनं ना ऊन बघितलं ना हंबरायची वाट बघितली. नुसती जवळ बसली, पाठीवरनं हात फिरवत राहिली, आन् कवातरी बांड्यानं तिच्या हातातनं एक काडी घेतली. आत्यानं दावं सोडलं. "हा माझ्यासंगं येतो. कोण आडवतंय ते बघते मी." कोणाची छाती झाली न्हाई.

भाऊ दुसरा बैल बघायला गावभर फिरले. एकानं दार लावून घेतलं. दुसरा म्हणाला, "म्हातारा बैल तरी दे म्हणता? म्हातारा बी देणार न्हाई. मी खाटकाला दिला न्हाई, तुम्हाला कसा देऊ?" तिसऱ्याच्या बायकोनं शेणाचा हात दाखवला.

मिरची तर जळत चाललेली. वर्षाची कमाई समदी तीच. मग नवं जू केलं, लहानसं. त्यात एका बाजूला थोरल्यानं मान घातली, दुसऱ्या बाजूला धाकट्यानं. मागनं त्यांच्या बाया हाकायला. बारकी मोट, पर मोटच ती.

पहिल्याच दिवशी ऊन उंबऱ्याला लागलं. थोरला थांबाया गेला.

"चला!" बायको म्हणाली. "निम्म्यात मोट हाय!"

जरा पुढं गेले, तर धाकट्याच्या पोटात कावळे वरडायला लागले. "लागली गं."

"चला म्हणते न्हवं! ते थांबले तर तुम्ही थांबणार, ते पडले तर तुम्ही पडणार!"

मिरची वाचली, निम्मी. पावसाळा आला तवा दोघांच्या मानंला बैलासारखे घट्टे पडले हुते. ते मरंस्तवर गेले न्हाईत. थोरल्याची मान डावीकडं वाकडी राहिली, धाकट्याची उजवीकडं. म्हातारपणी दोघं ओसरीवर बसले की एकमेकांकडं तोंड करून बसावं लागायचं, दुसरीकडं बघताच यायचं न्हाई. पारावरची पोरं इचारायची, "आजा, मग वेळेवर खावं का भुकंला?" दोघं बी आपापल्या मानंवरचा घट्टा चोळायचे.

वाद तुमचा असंल तर पोट बी तुमचंच पणाला लावा. मुक्याच्या पोटावर आपला शहाणपणा पारखू नका.