साळुंकीची मुलाखत

नदीकाठच्या एका सागवानी जंगलात, आंब्याच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. आवाज गोड, बोलणं चुरचुरीत आणि मनात एकच ध्यास, की आपण वकील व्हायचं! आता तुम्ही म्हणाल, साळुंकीला कसला आलाय वकिलीचा सोस? तर ऐका, बाळांनो. या जंगलातले भांडणतंटे हत्तीमहाराजांच्या न्यायसभेत मिटत आणि तिथला रिवाज मोठा न्यारा होता. वकिलाने आधी विरुद्ध बाजूचं म्हणणं सांगायचं. ते बरोबर आहे म्हणून विरुद्ध पक्षाने मान हलवली, की मगच आपल्या अशिलाची बाजू मांडायची.

मागच्या उन्हाळ्यात साळुंकीच्या जुन्या ढोलीवर पोपटाने हक्क सांगितला. पोपटाचा वकील कोल्हा. त्या लबाडाने साळुंकीचं म्हणणं म्हणून सांगितलं ते एवढंच, की "हिला ही ढोली आवडते." ती ढोली तिच्या आईची होती, तिथेच ती अंड्यातून बाहेर आली होती, याबद्दल चकार शब्द नाही! साळुंकी बिचारी सभेत पहिल्यांदाच उभी राहिलेली. हत्तीमहाराजांनी "बरोबर?" असं विचारताच घाबरून तिची मान हलली आणि ढोली हातची गेली. पुढे आंब्यावर नवी ढोली मिळाली, संसार पुन्हा छान थाटला. पण आपल्यावर आली तशी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, असं तिला अगदी आतून वाटू लागलं.

अशातच बातमी आली, की अस्वलीणबाईंना हाताखाली एक वकील हवा आहे. अस्वलीणबाई म्हणजे जंगलातल्या सगळ्यात नावाजलेल्या वकील. काळा कोट जन्मापासूनच अंगावर, आणि गळ्याखालचा पांढरा पट्टासुद्धा आयताच! जागा एकच होती आणि त्यासाठी मुलाखत द्यायची होती. साळुंकी हुरळून गेली आणि लगोलग तयारीला लागली. सभेतले जुने निवाडे तिने धडाधड पाठ केले. शेजारच्या खारीला समोर बसवून मुलाखतीची तालीमही सुरू केली.

"समज, मी अस्वलीणबाई," खार पोट फुगवून, आवाज जाड करून म्हणाली. "हं, तुझ्यातला एक दोष सांग."

"मी फार म्हणजे फारच मेहनत करते," साळुंकीने घडाघडा म्हणून दाखवलं.

"अगं बाई! हा दोष झाला होय?" खार खो खो हसत सुटली. "मग माझाही लिहून घे, मी फार म्हणजे फारच देखणी आहे!"

साळुंकीलाही हसू आवरेना. "बरं, पुढचं विचार ना!"

"पाच वर्षांनी तू कुठे असशील?"

"याच आंब्यावर, तुझ्या शेजारी. आणखी कुठे जाणार?"

"हे मात्र अगदी खरं बोललीस," खार म्हणाली आणि तिने खूश होऊन शेपटी उडवली.

मुलाखतीच्या दिवशी साळुंकी नदीवर मनसोक्त आंघोळ करून, पिसं नीट करून अस्वलीणबाईंच्या मोहाच्या झाडाखाली पोहोचली. बघते तो काय, तिथे आधीच एक मुंगूस बसलेलं! तेही त्याच जागेसाठी आलं होतं. त्याचा तो रुबाब पाहून साळुंकीचं केलेलं सगळं पाठांतर पार पुसलं गेलं. एक निवाडा आठवेल तर शपथ! आता करायचं तरी काय? मन ताळ्यावर यावं म्हणून ती मुंगसाशी बोलू लागली.

"मुंगूसदादा, तुम्ही वकिलीकडे कसे वळलात हो?"

झालं! मुंगसाला एवढंच हवं होतं. त्याने आपल्या लढाया सांगायला जी सुरुवात केली, ती काही थांबेना. कुठला नाग केवढा होता, त्याने फणा कसा काढला, आपण झेप कशी घेतली, सगळं साग्रसंगीत! साळुंकी ऐकत राहिली. जिथे समजलं नाही तिथे विचारत राहिली. मुंगसाने मात्र तिला "तू कुठली?" एवढंही विचारलं नाही.

तेवढ्यात अस्वलीणबाई मोहाची फुलं चघळत बाहेर आल्या. दोघांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःचं कौतुक पाठ करून आला असाल, ते राहू द्या. मुंगसा, ही जागा साळुंकीलाच का द्यावी, ते तू सांग. आणि तू गं साळुंकी, ती मुंगसालाच का द्यावी, ते तू सांग. आपल्या सभेचा रिवाज ठाऊक आहे ना?"

मुंगूस गडबडलं. "ही... ही छान गाते," ते म्हणालं. "आणि... चोच पिवळी आहे हिची."

"बरोबर?" अस्वलीणबाईंनी साळुंकीला विचारलं.

मागच्या वेळी याच प्रश्नाला साळुंकीची मान हलली होती. पण तिने पंख घट्ट मिटले आणि स्पष्ट सांगितलं, "नाही बाई. एवढंच माझं म्हणणं नाही."

"अस्सं. मग आता तू बोल."

खरं सांगायचं, तर साळुंकीच्या मनात आलंच, की थोडं हातचं राखून बोललं तर काय बिघडलं? जागा एकच आहे! पण दुसऱ्याने आपलं म्हणणं अर्धंच सांगितलं की कसं वाटतं, ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिने मान ताठ केली आणि ती बोलू लागली.

"बाई, मुंगूसदादा शूर आहेत, हे सगळे जाणतात. पण त्यांनी सगळ्यात मोठा नाग अडवला, तो भुकेपोटी नव्हे. जवळच्या गवतात लावा पक्ष्यांची पिल्लं होती, म्हणून ते मध्ये पडले. नाग माघारी वळला, तेव्हा त्यांनी पाठलाग केला नाही, त्याला जाऊ दिलं. हे त्यांनी मला सहज बोलता बोलता सांगितलं. दुबळ्यासाठी भिडायचं आणि काम झालं की थांबायचं, ही दोन्ही अंगं ज्याच्यात आहेत त्यालाच वकील करावं."

"बरोबर?" अस्वलीणबाईंनी विचारलं.

मुंगसाने मान हलवली नाही. ते हळूच म्हणालं, "बरोबर म्हणजे काय, बाई! हे तर मी स्वतःसुद्धा सांगितलं नसतं. नागाच्या लांबीतच अडकलो असतो मी!" आणि तिथल्या तिथे उठून ते म्हणालं, "ही जागा हिलाच द्या. फक्त उद्या माझ्यावर कधी खटला आला, तर माझी वकील म्हणून हिलाच पाठवा."

अस्वलीणबाई समाधानाने गुरगुरल्या. "घे गं," मोहाची मूठभर फुलं साळुंकीपुढे ठेवत त्या म्हणाल्या, "तुझं पहिलं अशील तर आलंसुद्धा!"

तात्पर्य : समोरच्याचं म्हणणं जो त्याच्याइतक्याच मनापासून मांडतो, त्याच्या हाती आपलं म्हणणं सोपवायला कुणीही तयार होतो.