सोन्याची कढई आणि पाण्याचं झाकण

एका राज्यात, जिथं पाखरं माणसांशी बोलत आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, तिथं भद्रसेन नावाचा राजा नांदत होता. धूम्रकेश जादूगारानं त्याला सोन्याची कढई भेट दिली. तिच्यातलं तळण असं खमंग, की राजा दुसरं काही खाईना. पण सोन्याच्या कढईतला घास सोन्याइतकाच जड. वर्ष सरलं आणि राजाला सिंहासनावरून उठता येईना. दहा पैलवान लागले, तरी तसूभर हलेना.

दसरा दोन दिवसांवर आला. राजानं आपल्या पायांनी शीव ओलांडायची, अशी तिथली रीत. नाही ओलांडली तर गादी जादूगाराची, असं वचन कढई घेताना राजानं हसत हसत दिलं होतं.

मुदपाकखान्यात सारजा नावाची म्हातारी होती. राजाच्या उष्टावणाचा घास तिच्याच हातचा. कढई आली तशी तिची चूल निजली होती.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "सारजाआजी, शापाला तीन कड्या असतात. विचारलं तर जादूगाराला सांगाव्याच लागतात."

सारजानं जाऊन विचारलं. धूम्रकेश हसला. "लाटणं घेऊन शाप मोडणार, म्हातारे?"

"भाकरीला लाटणं लागत नाही, बाबा. तुला कुणी करून घातली नसेल."

तो चिडला. म्हणाला, "साखर-गुळाविना गोड कर. राजानं आपल्या तोंडानं पुन्हा मागितलं, तर पहिली कडी तुटेल."

सारजानं सालं काळी पडलेली केळी घेतली, जी लोक टाकून देतात. ती नाचणीच्या पिठात कुस्करली, केळीच्या दोन पानांत थापली आणि मंद तव्यावर दोन्हीकडून भाजली. पान करपलं, आतली पानगी मऊ झाली.

राजा म्हणाला, "हा पाला कशाला? भजी आणा."

सारजा पान उलगडून तशीच उभी राहिली. वास दरबारभर फिरला. राजानं एक तुकडा मोडला, मग दुसरा. "अजून आहे का?" त्याबरोबर त्याची बोटं हलकी झाली.

दुसऱ्या दिवशी जादूगार म्हणाला, "तेला-तुपाविना भाकरी फुगव. पीठही जुनं घे."

जुन्या पिठाची भाकरी चिरते, हे त्याला ठाऊक होतं. पण सारजानं पाणी उकळून पिठावर ओतलं, झाकून ठेवलं, मग तळहातानं मळून मळून मऊ केलं. तव्यावर वरून पाण्याचा हात फिरवला आणि शेवटी भाकरी निखाऱ्याला लावली. ती टम्म फुगली. राजानं अर्धी आणखी मागितली. कंबर हलकी झाली.

दसऱ्याची सकाळ उजाडली. धूम्रकेशचे डोळे लाल झाले होते. "दुधीची भाजी कर. पातेल्यात तेलाचा थेंब नको, पाण्याचाही नको. आणि करपता कामा नये. या खेपेला राजानं मागून, उठूनही यायला हवं."

साळुंकीनं पंखात चोच लपवली. सारजा मात्र मनात म्हणाली, हे तर आमच्या आईनं रोज केलं. तिनं दुधीच्या फोडींना मीठ चोळून पातेल्यात घातलं आणि आच बारीक ठेवली. वर ताटली झाकली आणि त्या ताटलीत पाणी ओतलं.

"पाणी," जादूगार ओरडला.

"ताटलीत आहे. पातेल्यात कुठं?"

वरच्या पाण्यानं झाकण गार राहिलं, आतली वाफ तिथंच थबकून थेंब थेंब खाली उतरली. दुधीही आपलं पाणी सोडत गेला. भाजी आपल्याच रसात शिजली. सारजानं वाटीभर शेजारच्या दरबारात राजाकडे धाडली.

राजानं वाटी पुसून खाल्ली. "सारजा, अजून दे."

जादूगार पुटपुटला, "मागितलं खरं, पण उठला कुठं?"

सारजा चुलीपासून हलली नाही. तिथूनच हाक दिली, "भद्रा, भाजी पातेल्यातच गरम बरी लागते. हवी तर चुलीपाशी ये. लहानपणी यायचास तसा."

 राजानं हात टेकले. गुडघा हलला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तो चुलीपुढं पाटावर येऊन बसला. तिसरी कडी अशी तुटली. धूम्रकेशचा धूर झाला आणि धुराड्यातून गेला.

तिसऱ्या प्रहरी राजानं आपल्या पायांनी शीव ओलांडली. सोन्याची कढई अंगणात गेली; साळुंकी तीत पाणी पिते.

परत आल्यावर राजानं आपट्याचं पहिलं पान सारजाच्या हातावर ठेवलं. "सोनं घे, आजी."

सारजानं ते तळहातावर तोललं. ताठ मानेनं ती म्हणाली, "हे सोनं बरं. हलकं आहे."

त्या राज्यात अजून घरोघरी झाकणावर पाणी असतं. ते जोवर आहे, तोवर ही गोष्टही ऊन आहे.