हलक्या बंदुकीचं वजन

संस्थानी काळातली गोष्ट. सुभानराव इनामदारांना तित्तरांच्या शिकारीसाठी वापरलेली पंपाची, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची, बंदूक घ्यायची होती. नोकर म्हादबाला मागे घेऊन ते दस्तगीर मिस्त्रीच्या दुकानात शिरले. मिस्त्रीने सगळ्यात हलकी बंदूक काढून दिली.

इनामदारांनी नाक मुरडलं. "दिवसभर डोंगर तुडवणारे शिकारी आम्ही! असलं खेळणं बायकांना शोभतं. निम्म्या किमतीत दे."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मिस्त्री मात्र शांतपणे म्हणाला, "सरकार, हलकी काय न् जड काय, तुम्हाला कसं कळणार? तुमच्या कोटाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. या म्हादबाचा सदरा बघा, बंदुकीच्या पट्ट्यानं खांद्यावर विरलाय. वजन त्याला विचारा."

इनामदारांनी वळून पाहिलं. सदरा खरंच विरला होता आणि खालच्या कातडीला घट्टा पडला होता. चारचौघांत त्यांची मान खाली गेली.

म्हादबाने बंदूक हातात तोलली आणि भाबडेपणाने बोलून गेला, "घ्या धनी. घरच्या जुन्या बंदुकीनं रातभर खांदा ठणकतोय."

वीस वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. वीस वर्षांत इनामदारांनी त्याला विचारलंच नव्हतं.