सतरावी कामटी

एकदा एका तरुण शिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनीपुढे अक्षरशः हात टेकले. विद्यार्थिनीचे नाव केशर. दहावीच्या गणितात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदाही तेच झाले तर शाळा बंद, असे घरच्यांनी बजावले होते. म्हणजे परिचारिका होण्याच्या तिच्या स्वप्नावरही पाणी पडणार होते.

बाई गावातल्या वृद्ध गणितगुरूंकडे गेल्या. गुरुजी बुरुडाच्या घरात जन्मलेले. चाळीस वर्षे गणित शिकवूनही त्यांचे बांबूकाम सुटले नव्हते. बीजगणिताचे पुस्तक आणि कोयता एकाच फळीवर सुखाने नांदत होते.

"गुरुजी, मी काही कमी करत नाही हो," बाई कळवळून म्हणाल्या. "पोरगी चुकली रे चुकली, की लगेच खडू घेऊन दुरुस्त करते. तरी परीक्षेत पुन्हा तेच!"

गुरुजींनी कामट्यांची, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची, मोळी पुढे सरकवली. "आधी एक टोपली विणा, बाई. उभ्या कामट्या हव्या तेवढ्या घ्या. आडवी कामटी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, गोल गोल न्यायची."

बाईंनी गणिताच्या शिक्षिकेला शोभेल अशा काटेकोरपणे सोळा कामट्या मोजून घेतल्या. तासभर विणले. गुरुजी समोर चहा पीत शांतपणे पाहत होते. बाईंनी मोठ्या ऐटीत टोपली उचलली आणि सगळी वीण सैल होऊन घसरली.

बाईंचा पारा चढला. "तुम्हाला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"दिसत होतं. आता उसवून बघा."

त्यांनी रागारागाने फेरे उसवायला घेतले. चौथ्या फेऱ्याशी हात थबकला. प्रत्येक फेऱ्यात आडवी कामटी त्याच त्या कामट्यांवरून जात होती! त्यांनी सतरावी उभी कामटी घालून पुन्हा विणायला घेतले. आता दर फेऱ्याला वरची खाली आणि खालची वर होऊ लागली, आणि वीण घट्ट बसली.

"विषम हवी, गुरुजी! संख्या विषम हवी!" बाई ओरडल्याच.

गुरुजी प्रसन्न हसले. "माझ्या वडिलांनी मला असंच सोळांवर विणू दिलं होतं. त्या दिवशी मी गणिताच्या प्रेमात पडलो. त्यांनी आधीच 'सतरा घे' म्हटलं असतं, तर मला नुसती टोपली मिळाली असती. केशरची चूक तुम्ही तिच्या हातून काढून घेता, बाई. ती तिची आहे. तिलाच उसवू द्या."

दुसऱ्या दिवशी केशरने फळ्यावर समीकरण सोडवताना दुसऱ्याच ओळीत चिन्ह चुकवले. बाईंचा हात शिवशिवला. त्यांनी तो पाठीमागे घट्ट धरून ठेवला. केशरने आलेले उत्तर समीकरणात घालून पाहिले. जुळेना. ती एकेक ओळ मागे गेली आणि एकदम उसळली, "बाई, हितं! पलीकडं नेताना चिन्ह बदललंच न्हाई मी!" वर्गाने टाळ्या पिटल्या.

वर्षभर ती अशीच चुकत आणि उसवत राहिली. निकाल लागला, गणितात शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर! बाई तिला घेऊन गुरुजींकडे आल्या. पेढे त्याच सतरा कामट्यांच्या टोपलीत होते.

"कुणी शिकवलं गं तुला?" गुरुजींनी विचारले.

"कुनी न्हाई," केशर छाती काढून म्हणाली, "माझं मीच शोधलं."

गुरुजींनी हळूच बाईंकडे पाहिले. इतका अभिमान बाईंना स्वतःच्या पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.