तिसरी कुपी

एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, रंगोजी नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्याचा नेम.

तिथल्या प्राध्यापिका हेमलताबाई उंदराच्या मेंदूत भीती कुठून शिरते ते शोधत होत्या. चार वर्षं झाली. आता एक औषध उंदरांना देऊन पाहणं तेवढं बाकी होतं. परदेशातून त्याच्या तीनच कुप्या यायच्या होत्या. त्या नासल्या की शोध बुडाला.

पहिली कुपी आली ती बर्फाच्या डब्यातून. रंगोजीला दया आली. किती गारठली बिचारी! त्यानं ती उन्हात ठेवली आणि तासातासानं कुशीवर वळवली.

“अहो रंगोजी! बाहेरून आलेलं आधी अंधारात, गारठ्यात ठेवायचं.”

“बरं, बाई.”

दुसऱ्या दिवशी बाहेरून आले तपासणीचे साहेब. रंगोजीनं त्यांना शीतखोलीत नेलं, दिवा मालवला, दार लावलं. तासाभरानं साहेब बाहेर आले ते शिंकतच.

“कसं व्हायचं हो तुमचं! आल्यागेल्याला खुर्ची द्यावी, गरम चहा द्यावा, घरचं विचारावं.”

“एवढं कळतं मला, बाई.”

आठवड्यानं दुसरी कुपी आली. रंगोजीनं तिला खुर्चीवर बसवलं. बूच काढून आत वाफाळता चहा ओतला. “घरचे सगळे बरे ना?” दोनदा विचारलं. कुपी लाजाळू निघाली.

बाई रागावल्या नाहीत. नीट समजावलं की माणूस समजतो, अशी त्यांची श्रद्धा. तिसरी कुपी आली तेव्हा त्यांना परगावी जाणं भाग होतं. त्यांनी रंगोजीला समोर बसवलं.

“हे बघा, मेंदूत बारीक बारीक कुलपं असतात. या कुपीतली पूड त्या कुलपात जाऊन बसते. मग खरी किल्लीसुद्धा आत शिरत नाही. कळलं?”

“कळलं.”

“ही गारठ्याच्या कपाटात ठेवा. वर कुलूप दाबा. मी सोमवारी येईपर्यंत ते कुणाला उघडता येता कामा नये.”

सोमवारी बाई आल्या. किल्ली लावली. जाईना. फिरवली, ठोकली, तेल सोडलं. छे!

“रंगोजी, हे काय झालंय?”

रंगोजीनं हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

“कुलपात पूड बसवली, बाई. थोडी कमी पडली, म्हणून वरून कणकेनं लिंपलं. खरी किल्लीसुद्धा शिरत नाही! मी सकाळीच मारुतीला नारळ फोडून आलो. तुमचं औषध लागू पडलं!”