ऐनाची राखण

एकदा एका संशयी माणसाला गुरू मिळाला. असे सहसा होत नाही, कारण संशयी माणूस गुरू शोधायला निघाला की वाटेतच दोघाचौघांना खोटे ठरवून घरी परत येतो. हा मात्र चिकाटीचा होता. बारा वर्षे त्याने लाकडाच्या वखारीत मालाची पारख केली होती. ओंडका आला की तो बोटांच्या पेरांनी ठोकायचा आणि आवाजावरून आत कीड आहे, पोकळी आहे, की लाकूड भरीव आहे, ते सांगायचा. पुढे माणसांच्या बाबतीतही तो हेच करू लागला. तिथेही त्याचा अंदाज चुकत नसे, आणि म्हणूनच त्याला कुणी मित्र उरला नाही.

शेवटी कंटाळून तो डोंगरात राहणाऱ्या एका वृद्ध साधकाचा शिष्य झाला. गुरुजी उपासाच्या दिवशी खरोखर उपाशी असतात का, हे त्याने स्वयंपाकघरातले डबे उघडून पडताळले. पहाटेच्या ध्यानात त्यांना डुलकी लागते, हे दाराच्या फटीतून पाहिले. एकदा ते दूधवाल्यावर विनाकारण खेकसले, तेही लक्षात ठेवले. असे चार महिने गेले. आता पौर्णिमेपर्यंत त्याला ठरवायचे होते, की इथेच राहायचे की बोचके उचलून पुन्हा वखार गाठायची. वृद्धांना हे सारे कळत असणार. पण त्यांनी विषय काढला नाही. एका सकाळी ते एवढेच म्हणाले, "चल, एक झाड बघून येऊ."

दोन तासांच्या चढणीनंतर एक वाडी लागली आणि वाडीमागच्या रानात ते झाड. ऐनाचे होते. चौघांनी हात धरले तरी कवेत न मावणारे, मगरीच्या पाठीसारख्या खरखरीत सालीचे. बावीस वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने हे रान तोडायचा परवाना मिळवला होता. तेव्हा वाडीतली माणसे या ऐनाला पाठ लावून एकोणीस दिवस बसली आणि रान वाचले. आता लांबलांबून लोक ते पाहायला येतात. वाडी मात्र अजून कुणावर विश्वास टाकत नाही. रोज एका घराची पाळी असते, आणि त्या घरातले कुणीतरी दिवसभर झाडाशी राखणीला बसते.

त्या दिवशी पाळी चंद्राक्कांची होती. वय सत्तरीचे, हातात काठी. त्यांनी दोघांना थांबवले, शिष्याची पिशवी उघडायला लावली आणि आत हात घालून चाचपून पाहिले.

"कोयता, दोरी, मापाची पट्टी काय आणलंय काय?" त्यांनी विचारले.

"काही नाही, आक्का," वृद्ध म्हणाले.

"समदे असंच म्हणत्यात," आक्का म्हणाल्या आणि पिशवी पुन्हा एकदा चाचपली.

शिष्याला ही बाई आवडली. मग त्याने आपले काम सुरू केले. आधी दानपेटी कुठे आहे ते शोधले. ती सापडेना, तेव्हा त्याचा संशय वाढला. या लोकांना यातून मिळते तरी काय, याचा विचार करत तो झाडाभोवती फिरला, आणि फिरता फिरता जुन्या सवयीने त्याने पेरांनी खोड ठोकले. एकदा खाली, एकदा छातीच्या उंचीवर, एकदा पलीकडून. तिन्ही वेळा आवाज एकच आला.

"आक्का, तुमचं झाड आतून पोकळ आहे," तो म्हणाला. त्याच्या स्वरात समाधान होते. "ठेकेदार काही तुमच्या बसण्यानं गेला नसणार. असलं लाकूड तोडून त्याला मिळणार तरी काय होतं?"

आक्का काठी टेकत जवळ आल्या. "हळू बोला," त्या म्हणाल्या. "ठावं हाय मला. एकोणिसाव्या दिशी त्यांच्या मुकादमानं असंच ठोकून बघितलं. हसला आन् माणसं घेऊन गेला. झाडाच्या त्या अंगाला मी एकटीच हुते. कुणाला बोलले न्हाई. आमच्या घरच्यांस्नी नवव्या दिशी त्या लोकांनी वढून काढलं, तवा त्यांची कंबर मोडली. तवापासनं खाटेवर हायत. रोज इचारत्यात, ऐन बरा हाय न्हवं? त्यांस्नी हे कळलं तर काय ऱ्हाईल त्यांच्याजवळ? तुमी आता जेवायला आमच्यातच येणार. त्यांच्यासमोर एवढं पोटातच ठिवा."

हे ऐकून वृद्धांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. आल्यापासून त्यांनी झाडाला साधा हातही जोडला नव्हता. आता त्यांनी वहाणा काढल्या आणि झाडाकडे पाठ करून, वाकून चंद्राक्कांना नमस्कार केला. आक्का संकोचून मागे सरकल्या. शिष्य मात्र बारीक डोळ्यांनी पाहत राहिला. हा नमस्कार खरा, की आपल्याला दाखवण्यासाठी, हे त्याला ठरवता येईना.

जेवणापुरते नातवाला झाडाशी बसवून आक्का पुढे गेल्या. वाडीकडे उतरताना शिष्य गुरुजींना म्हणाला, "खरं ते खरं. त्यांच्या नवऱ्यानं विचारलं तर मी खोटं का बोलू?" गुरुजी पायवाट उतरत राहिले.

आक्कांचे यजमान रवळू पडवीत खाटेवर उशाला टेकून बसले होते. पाहुण्यांची पाने वाढली गेली. पाहुणा पूर्वी वखारीत पारख करायचा हे गुरुजींकडून कळताच म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

"मग ठोकून बघितलं आसंल तुमी," ते शिष्याला म्हणाले. "काय आवाज आला?"

चंद्राक्कांच्या हातातली आमटीची वाटी तशीच राहिली. शिष्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी भाकरी कुस्करत होते, त्यांनी थोडे मीठ मागितले. सुटका नाही हे शिष्याला कळले. खाटेवरची ती वाळलेली तंगडी आणि दारातला आक्कांचा चेहरा त्याला एकाच वेळी दिसत होता, आणि बारा वर्षांत आवाजाबद्दल जे खोटे तो कधीच बोलला नव्हता ते बोलला.

"भरीव आहे," तो म्हणाला.

रवळू मोठ्याने हसले. "मग वखारीचं चांगलंच नुकसान केलं आसंल तुमी. अवो, पोकळ हाय तो ऐन. तरणा हुतो तवा ह्याच रानात कुऱ्हाड चालवलीय मी. लगीन व्हायच्या आधीपासनं ठावं हाय मला."

"मग बसलात कशाला?" शिष्याने विचारले.

"आमच्यात कुऱ्हाडवाल्यांची रीत हाय. रानातल्या थोरल्या झाडाला नारळ द्यायचा आन् पयला घाव त्यालाच घालायचा. तवर दुसऱ्याला हात लावत न्हाईत. थोरला पोकळ हाय म्हणून मी सांगितलं असतं, तर त्याला सोडून त्यांनी शेजारच्याला नारळ दिला असता, आन् समदं भरीव रान घेऊन गेले असते. परवान्याचे एकोणीस दिवस उरले हुते. तेवढं काढायचं हुतं. शेवटच्या दिशी मुदत संपली आन् गेले."

चंद्राक्कांनी वाटी खाली ठेवली. "मुदत संपली म्हणून गेले?" त्यांनी विचारले. "आन् मी बावीस वरसं समजते, पोकळ निघालं म्हणून गेले. तुमाला कळू नये म्हणून तोंड दाबून बसले. मला का न्हाई सांगितलंसा?"

आक्कांनाही पोकळी ठाऊक होती, हे रवळूंना उशिरा उमगले. मग ते म्हणाले, "पोकळ हाय म्हणून सांगितलं असतं, तर बसली असतीस काय गं तू?"

आक्कांनी खरोखर विचार केला. "बसले असते," त्या म्हणाल्या. "पर तुमाला पुढं बसू दिलं नसतं." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

परतताना ओढा ओलांडल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, ठोकून पाहणं चूक आहे का?"

"मुळीच नाही," वृद्ध म्हणाले. "त्या झाडाचा आवाज मुकादमाने ऐकला, रवळूंनी ऐकला आणि तूही ऐकलास. तिघांनाही तो बरोबर कळला. मुकादम हसून निघून गेला, तुला आपण जिंकल्यासारखे वाटले, आणि रवळू त्याच झाडाला पाठ लावून बसले. आत काय आहे ते संशय सांगतो. पुढे काय करायचे ते त्याला विचारू नये. आक्कांना पोकळी ठाऊक होती, तरी बावीस वर्षे एकही पाळी त्यांनी चुकवली नाही. म्हणून त्यांच्यापुढे वाकलो." थोडे चालून ते पुन्हा म्हणाले, "चार महिने तू मलाही ठोकून पाहतो आहेस. ध्यानात मला झोप लागते. त्या दूधवाल्याची मी अजून क्षमा मागितलेली नाही. आणखीही पोकळ जागा आहेत, तुला हळूहळू सापडतील. मी भरीव आहे असे तुला कधीच सांगणार नाही. राहायचे की जायचे, ते तू ठरव."

शिष्य थांबला. या माणसाकडून असे उत्तर येईल, हे काही त्याला ठोकून कळले नव्हते. मग तो पुन्हा चालू लागला, आणि अंतर राखून चालण्याऐवजी या वेळी त्यांच्या शेजारून चालला.

पौर्णिमा आली आणि गेली. तो अजून तिथेच आहे. त्याचा संशयी स्वभाव काही गेलेला नाही, दाराच्या फटीतून पाहणेही सुटलेले नाही. फक्त ध्यानात गुरुजींची मान कलली, की तो आत जाऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो.