भाड्यानं चढलेली टेकडी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा खेचरं बोलायची, आणि माणसं अधूनमधून ऐकायची सुद्धा.

एका राज्याच्या उत्तरेला एक पांढराशुभ्र डोंगर होता. त्याच्यावर कुणी चढायचं नाही, नुसती प्रदक्षिणा घालायची. त्याच्या पायाशी निळं सरोवर. त्यात बुडी मारायची, पाणी भरायचं आणि घरी यायचं. एवढंच काम. पण एवढ्याच कामाला जाताना दोन महिने चालावं लागे, आणि शेवटचे काही दिवस तर आभाळातूनच.

त्या राज्यातल्या एका गावात हरबाजी नावाचा गृहस्थ राहायचा. माणूस मोठा नेमका. गावात कुणाचंही लग्न निघो, यादी हरबाजीची. पत्रावळी किती, मीठ किती, रुसणारे पाहुणे किती आणि त्यांना समजवायला माणसं किती, सगळं तो आधी सांगायचा, आणि तसंच व्हायचं.

हा हरबाजी तीन वर्षांचा होता तेव्हा तापानं फणफणला होता. डोळे पांढरे केले पोरानं. तेव्हा त्याच्या आईनं पदर पसरून नवस बोलला, "सरोवरा, पोर वाचू दे. तुझ्यात त्याला बुडी मारायला लावीन. तोवर गुळाचा खडा तोंडात घालणार नाही."

पोर वाचलं. पण मग नवरा गेला, शेत एकटीवर पडलं, मग गुडघे गेले. जायचं राहिलं ते राहिलंच. पन्नास वर्षं म्हातारीनं गूळ खाल्ला नाही. घरात पुरणपोळ्या झाल्या की ही चुलीपुढे बसून भाकरी खायची आणि पोळीचा वास तेवढा घ्यायची. वासाचा नवस नव्हता ना!

"आई, यंदा जातोच," हरबाजी दर वर्षी म्हणायचा. "यादी होत आली."

"कर बाबा यादी," म्हातारी म्हणायची. "तुझी यादी पुरी व्हायच्या आत माझंच नाव कुठल्यातरी यादीत लागेल."

हरबाजीला ते लागलं. म्हातारीचे दात गेले होते, डोळे चालले होते. आता नाही तर कधीच नाही. त्यानं मनाशी ठरवलं, यंदा आईच्या तोंडात गूळ पडलाच पाहिजे.

आणि काय यादी केली म्हणता! कांबळी सहा. कानटोप्या चार, कारण थंडीत एक हरवते, एक भिजते. आलेपाक, सुंठवडा, मेथीचे लाडू. वहाणांचे तीन जोड. चालायला काठी, आणि ती मोडली तर दुसरी काठी. तीन खेचरं. आणि सगळ्यात वर, मऊ फडक्यात गुंडाळलेला आईचा पितळी गडू.

यादीत एकच गोष्ट हरबाजीला नको होती. ती म्हणजे टेकडी.

त्या गावची रीत अशी होती, की ज्याला सरोवराला जायचं असेल त्यानं आधी वर्षभर, रोज सकाळी, भरलेली घागर डोक्यावर घेऊन गावच्या टेकडीवर चढायचं. वर देवीच्या तांदळ्यावर, म्हणजे शेंदूर फासलेल्या दगडावर, पाणी घालायचं. चढताना आरती म्हणायची, मोठ्यानं, न थांबता. वर्ष सरलं की निघायच्या दिवशी वेशीवर गावातलं सगळ्यात वयस्क माणूस एकच विचारायचं, "टेकडी चढलास?" चढलो म्हटलं की विश्वास ठेवायचा. कुणी मोजत बसायचं नाही.

हरबाजी पहिल्या दिवशी गेला. बाविसाव्या पायरीवर घागर खाली ठेवली आणि शेजारी स्वतः बसला. आरती पहिल्या कडव्यातच अडकली. वरून बयजा रिकामी घागर घेऊन उतरत होती. ही बयजा गावात चार घरी पाणी भरायची. देवीचं पाणीही रोज तीच घालायची.

तिला बघितलं, आणि हरबाजीच्या नेमक्या डोक्यात नेमका विचार आला.

आता बघा, आपल्यात अभिषेक आपल्या नावानं भटजी करतात की नाही? जप दुसरा करतो, संकल्प आपण सोडतो, पुण्य आपल्याला लागतं. मग टेकडीनंच काय घोडं मारलंय? हरबाजीनं तिथेच बयजाच्या हातावर पळीभर पाणी सोडलं. "आजपासून वर्षभर माझ्या नावानं एक घागर जास्त. महिन्याला दोन पायली ज्वारी देईन. पुण्य माझं."

बयजानं ओल्या तळव्याकडे बघितलं. "दादा, पुण्य तुमचं, बरं. आणि गुडघे दुखले तर ते कुणाचे?"

"गुडघे तुझेच."

"मग ठीक," बयजा म्हणाली. "नाहीतर मी म्हटलं, तेही न्याल."

वर्षभर बयजा दोनदा चढली. एक घागर तिची, एक हरबाजीची. आरती म्हणत चढायची, तेव्हा खाली ओसरीवर बसलेल्या हरबाजीला ऐकू यायची. तो खूश व्हायचा. यादीत रोज एक रेघ ओढायचा.

वर्ष सरलं. खेचरं लादली. वाटेत भाकरी भाजायला आणि पाणी भरायला बयजाही निघाली. गाव वेशीवर जमलं. गावात सगळ्यात वयस्क कोण, तर हरबाजीची आईच. तिला पाटावर बसवून आणली होती.

"हरबा, टेकडी चढलास?"

हरबाजीनं खाली बघितलं. "झाली, आई. रोज झाली."

म्हातारीनं डोळे बारीक करून त्याच्या पोटऱ्यांकडे बघितलं. मग बयजाच्या पोटऱ्यांकडे बघितलं. रीत पडली विश्वासाची. ती एवढंच म्हणाली, "सांभाळून जा."

दीड महिना छान गेला. हरबाजीचं सगळं बरोबर ठरत होतं. पाऊस आला तर छत्री होती, पाय सोलले तर मलम होतं. धर्मशाळेत दुसरे यात्रेकरू थंडीनं कुडकुडायचे, त्यांना हा कांबळं द्यायचा आणि वर सांगायचा, "यादी करावी माणसानं."

मग चढ लागला. झाडं संपली. गवत संपलं. हरबाजीचं डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. थोरल्या खेचराच्या पाठीवर बसून तो कसाबसा शेवटच्या धर्मशाळेशी पोचला. तिथून पुढे मोठी खिंड, आणि खिंडीपलीकडे सरोवर.

त्या धर्मशाळेचा राखणदार एक वाळका म्हातारा होता. दाराशी शेकोटी, शेकोटीशी तो.

"या पावणं," तो म्हणाला. "इथली हवा म्हणजे चिक्कू सासूनं वाढलेलं ताक. नाव ताकाचं, सगळं पाणीच. दोन दिवस बसा, अंगवळणी पडू दे. मग ती घागर घ्यायची आणि समोरच्या काळ्या धोंड्यापर्यंत चढायचं. वर उभं राहून आरती म्हणायची. मला इथे धड ऐकू आली तर पुढे जा. नाही आली तर मागे."

दोन दिवस झाले. हरबाजीनं कानटोपी घातली, आलेपाकाची वडी गालात धरली आणि घागर उचलली. दहा पावलं गेला. छातीत भाता चालावा तसं व्हायला लागलं. अकराव्या पावलाला घागर गडगडत खाली आली, आणि मागोमाग हरबाजी, बसत बसत.

"मला जाऊ द्या," तो धापा टाकत म्हणाला. "माझी टेकडी झालीय. वर्षभर. संकल्प सोडलाय मी."

"कुणाच्या हातावर?"

हरबाजीनं बोट दाखवलं. बयजा घागर भरून घेत होती. ती धोंड्यापर्यंत गेली, वर उभी राहिली आणि तिनं आरती म्हटली. खिंडीतून आवाज परत आला, इतकी ठणठणीत.

"मग ही जाईल," राखणदार म्हणाला.

"मी खेचरावर बसून जातो की!"

आता इतका वेळ गप्प असलेलं थोरलं खेचर बोललं. "हरबाजी, माझ्या पाठीवर तू सहा कांबळी टाकलीस, मी नेली. लाडू टाकलेस, नेले. काठी टाकलीस, आणि काठीची काठी टाकलीस, तीही नेली. पण तुझा श्वास मला घेता येत नाही रे. तो घेता आला असता तर तुझ्याआधी मीच जास्त घेतला असता."

राखणदार हसला नाही. त्यानं खिंडीकडे हात केला. वाटेच्या कडेला दगडांच्या लहान लहान राशी होत्या. "ते सगळे म्हणाले होते, खेचरावर बसून जातो. खेचरं परत आली."

हरबाजी त्या राशींकडे बघत राहिला. एवढी मोठी यादी, पण त्या राशींवर घालायला तिच्यात काही नव्हतं. खिंडीपलीकडे पांढऱ्या डोंगराचं टोक दिसत होतं, लग्नात मागच्या रांगेत उभ्या उंच पाहुण्यासारखं, सगळ्यांच्या डोक्यावरून. इतकं जवळ. आणि घरी आई पन्नास वर्षं थांबलेली.

त्यानं फडकं सोडलं आणि गडू बयजाच्या हातात दिला. "बये, भरून आण."

"आणते," बयजा म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "दादा, आता हातावर पाणी नका सोडू हं. ही बुडी मी माझ्या नावानं मारीन."

"मार," हरबाजी म्हणाला. त्यानं चांगल्यातलं एक कांबळं तिला दिलं. सात दिवस तो शेकोटी फुंकत बसला. आठव्या दिवशी बयजा परत आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, आणि डोळे असे, की हरबाजीला तिच्याकडे फार वेळ बघवेना.

दोघं घरी आली. गाव जमलं. हरबाजीनं गडू आईपुढे ठेवला आणि गुळाचा खडा तिच्या ओठांशी नेला. म्हातारीनं त्याचा हात धरला.

"बुडी मारलीस?"

खरं तर तेव्हाही म्हणता आलं असतं, झाली आई. बयजा काही बोलणार नव्हती. खेचर कदाचित बोललं असतं, पण ते गोठ्यात होतं.

"नाही, आई. बयजानं मारली. टेकडीही तिनंच चढली. मी वेशीवर तुला फसवलं."

म्हातारीनं गडूतलं पाणी डोळ्यांना लावलं. गूळ बाजूला सारला.

"वेशीवरच कळलं होतं मला, तुझ्या पोटऱ्यांवरनं," ती म्हणाली. "पण नवस गडूचा नव्हता रे. तापानं गडू नव्हता फणफणला. मी थांबते. किती दिवस थांबेन ते मला विचारू नकोस, तुझ्या पायांना विचार."

दुसऱ्या दिवशी उजाडायला हरबाजी टेकडीखाली होता. बाविसाव्या पायरीवर बसला. बयजा मागून आली. तिनं त्याची घागर घेतली नाही. "आरती हळू म्हणा," ती म्हणाली. "घाई देवीला नाहीये, तुम्हालाच आहे." आणि पुढे निघून गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तेवीस पायऱ्या. एक पावसाळा घसरत गेला, एक हिवाळा खोकत गेला, एक उन्हाळा घामात गेला. रोज घरी आला की तो आधी आईच्या खोलीत डोकवायचा. म्हातारी अंथरुणावरनं विचारायची, "किती?" तो आकडा सांगायचा. ती डोळे मिटायची. कधी कधी त्याला भीती वाटायची, की आता उघडणार नाहीत. मग तो दुसऱ्या दिवशी एक पायरी जास्त चढायचा. असं करत करत घागर देवीपर्यंत पोचली, आणि मग रोज पोचायला लागली.

पुढे बर्फ वितळून वाट मोकळी झाली तेव्हा तो पुन्हा निघाला. या खेपेला वेशीवर आईला आणता आलं नाही. तिनं अंथरुणावरूनच विचारलं, "टेकडी चढलास?"

"चढलो, आई."

बरोबर एक खेचर, दोन कांबळी, सुंठवडा आणि गडू. लाडू म्हातारीनंच ठेवायला लावले, म्हणाली, "साखरेतले आहेत, मला चालतात."

राखणदाराला आरती धड ऐकू आली. सरोवराच्या पाण्यात हरबाजी उतरला तेव्हा गारठ्यानं त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवेना. आठवली ती फक्त आई, पदर पसरून बसलेली. त्यानं बुडी मारली.

घरी पोचला तेव्हा तो आधी दारातच थांबला. आत शांत होतं. मग आतनं आवाज आला, "किती वेळ उभा राहतोस? गूळ आणलास का नुसतंच पाणी?"

हरबाजीनं गुळाचा खडा आईच्या बोळक्या तोंडात ठेवला. म्हातारीनं डोळे मिटले. दारात बयजा, अंगणात गाव, सगळे श्वास रोखून. म्हातारी चघळत राहिली. एक थेंब डोळ्याच्या कडेनं कानाकडे गेला.

"काय गं आई?" हरबाजीनं हळूच विचारलं.

"एवढ्यासाठी पन्नास वर्षं थांबले होय मी?" म्हातारी म्हणाली. मग तिनं तोंड उघडलं. "आण, अजून एक खडा घाल."

त्या गावात लग्नाची यादी अजूनही हरबाजीच्या घरातले करतात, पण तेव्हापासून टेकडीची घागर ज्याची त्यानंच उचलायची असते.

ऐकलंत ना? ओझं दुसऱ्याच्या पाठीवर देता येतं, दम मात्र आपला आपणच कमवावा लागतो.